खरपूस रंग आणि पोटातलं पीठ

रक्तातली साखर वाढलेली निघाली की घरात पहिल्या आठवड्यातच ठरावीक प्रश्न सुरू होतात. पाव बंद, पण टोस्ट चालेल का? पोळी तव्यावर कडक होईपर्यंत भाजली तर? तांदूळ कोरडे भाजून केलेला भात आजारी माणसाला हलका म्हणून देतात, मग तो मधुमेहातही सोसेल ना? या शेवटच्या प्रश्नात खरी मेख आहे. पोटाला हलका म्हणजे झटपट पचणारा, आणि झटपट पचणारा भात रक्तात ग्लुकोजही झटपट सोडतो. तापातून उठलेल्या माणसाला जे हवं, तेच मधुमेह असलेल्याला नको असतं. भाजल्याने धान्य हलकं होतं असं मानलं तर मधुमेहात भाजलेलं धान्य टाळायला हवं. उलट, भाजल्याने स्टार्च पचायला अवघड होतो असं मानलं तर आजाऱ्याला लाह्यांची पेज पाजणारी आपली जुनी वैद्यकी चुकीची ठरते. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. त्या कशा, हे नीट उलगडून सांगावं म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

पुस्तकाचं म्हणणं इथेच सांगून टाकलेलं बरं. पदार्थाला चढणारा तांबूस रंग आणि त्यातल्या स्टार्चचं पचन, दोन्ही एकाच आचेवर बदलतात. त्यामुळे रंगानेच पचन बदललं, असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा पचनाचा निकाल पाण्याने लावलेला असतो. आच लागली तेव्हा स्टार्चच्या कणापाशी पाणी किती होतं आणि नंतर ते कुठे गेलं, यावर पुढचं बरंचसं ठरतं. रंगाचा स्वतःचा असा परिणामही आहे. तो प्रयोगशाळेत मोजता येतो. मात्र रोजच्या ताटात तो लहान असतो, आणि तो वाढवायला गेलं की दुसरीकडे नुकसान होऊ लागतं.

धान्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्यांतल्या जवळपास सरळ साखळ्यांना अमायलोज म्हणतात, ठिकठिकाणी फांद्या फुटलेल्या साखळ्यांना अमायलोपेक्टिन. कच्च्या दाण्यात त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांमध्ये सुतळीच्या घट्ट गुंड्यासारख्या बसलेल्या असतात. पचनाच्या विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, त्यात सहज शिरता येत नाही. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज या साखळ्यांचे लहान तुकडे करतं, आणि लहान आतड्याच्या अस्तरावरची विकरं त्या तुकड्यांतून शेवटी सुटं ग्लुकोज काढतात. या विकरांना ठरावीक प्रकारचेच जोड तोडता येतात. ही मर्यादा लक्षात ठेवायची आहे, कारण पुढे ती कामाला येणार आहे.

पिठात भरपूर पाणी घालून ते तापवलं की, धान्यागणिक थोडं इकडेतिकडे, पण साधारण ६० ते ८० अंश सेल्सियसच्या दरम्यान हे कण फुगतात, आतली रचना मोडते आणि खळ तयार होते. भात शिजतो, भाकरीच्या पिठाची उकड काढली जाते, पातेल्यात पेज दाटते, ती सगळी याचीच रूपं. शिजलेला स्टार्च विकरांपुढे उघडा पडलेला असतो. तो गार झाला की या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि काही भाग परत घट्ट होतो. पाव दुसऱ्या दिवशी चामट लागतो, शिळी भाकरी वातड होते, त्यामागे मुख्यतः हेच कारण असतं.

असा घट्ट झालेला, लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात उतरणारा स्टार्च आहे, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात यायला विसाव्या शतकाची शेवटची दोन दशकं उजाडावी लागली. १९८१ साली टोरांटोत डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली. सारखंच कर्बोदक असलेले दोन पदार्थ रक्तातली साखर सारखी वाढवत नाहीत, हे त्यातून आकड्यांत दिसलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हान्स एंग्लिस्ट यांना अन्नातले तंतू मोजताना विकरांना दाद न देणारा स्टार्च हाती लागला. १९९२ साली त्यांनी स्टार्चची प्रसिद्ध विभागणी केली: प्रयोगात पहिल्या २० मिनिटांत पचणारा, १२० मिनिटांपर्यंत हळूहळू पचणारा, आणि त्यानंतरही उरणारा. हा शेवटचा भाग मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो. ते त्यापासून लहान साखळीची मेदाम्लं बनवतात, आणि त्यांतलं ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराला पोसतं. या सगळ्यात प्रमाणाचं भान मात्र सुटता कामा नये. २०१५ साली इंडोनेशियातल्या संशोधकांनी पांढरा भात तपासला. ताज्या भातात न पचणारा स्टार्च १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम होता, २४ तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. वाढ अडीचपट, पण ताटातल्या एकूण भाताच्या मानाने चिमूटभरच. शिळ्या भाताला फोडणी दिली म्हणजे साखरेचा प्रश्न मिटला, असं सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आता रंगाकडे येऊ. १९१२ साली पॅरिसमध्ये लुई-कामिय मायार या फ्रेंच वैद्य-रसायनशास्त्रज्ञाने ग्लुकोज आणि ग्लायसिन हे अमिनो आम्ल पाण्यात एकत्र तापवलं. द्रावण आधी पिवळं झालं, मग गडद होत होत तपकिरी. मायारला स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं. सजीवांमध्ये प्रथिनं कशी घडत असतील, या प्रश्नामागे तो लागला होता. त्याच्या निरीक्षणाचं अन्नासाठी असलेलं मोल पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि १९५३ साली अमेरिकेत पिओरिया इथल्या कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत जॉन हॉज यांनी या गुंतागुंतीच्या अभिक्रियांचा पहिला सुसंगत आराखडा मांडला. आजही अन्नरसायनाचे विद्यार्थी तोच आराखडा शिकतात.

थोडक्यात असं घडतं. साखरेच्या रेणूचं एक क्रियाशील टोक प्रथिनातल्या किंवा सुट्या अमिनो आम्लातल्या अमिनो गटाला चिकटतं. प्रथिनातलं लायसिन या कामी सगळ्यांत तत्पर असतं, कारण त्याचा एक अमिनो गट मोकळा लोंबत असतो. जोडलेला रेणू आपली मांडणी बदलतो, मग त्याला अनेक वाटा फुटतात. काही वाटांवर वास देणारे छोटे रेणू तयार होतात, आणि भाजक्या शेंगदाण्यापासून कॉफीपर्यंतचे खमंग वास तिथून येतात. इतर वाटा मेलॅनॉइडिन नावाच्या मोठ्या, तपकिरी, किचकट रेणूंकडे जातात. नुसत्या साखरेचा पाक तापवून येणारा करडा-तांबडा रंग वेगळा, त्यात अमिनो आम्लाची गरज नसते. चिरलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडतं तेही वेगळं, ते काम वनस्पतीतल्या विकरांचं. या पुस्तकात रंग म्हटलं की मुख्यतः मायारची अभिक्रिया अभिप्रेत आहे.

ही अभिक्रिया ओल्या पदार्थात फार हळू चालते. पृष्ठभागावर पाणी उकळत आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास अडून राहतं. पाणी उडून गेलं की मगच पृष्ठभाग १४०-१५० अंशांकडे चढतो आणि रंग धरू लागतो. पावाचा आतला गर भट्टीतही १०० च्या वर जात नाही, म्हणून तो पांढरा राहतो. वरची साल कोरडी होऊन तांबूस होते. भाकरीवरही हेच दिसतं. वरून पाणी फिरवलेली बाजू फिकी राहते, आणि फुगल्यावर जिथे पापुद्रा पातळ व कोरडा होतो तिथे डाग पडतात. खार घातला की अभिक्रिया वेग घेते, आंबटपणा असला की मंदावते. पापडखार घातलेला पापड निखाऱ्यावर डोळ्यांदेखत रंग बदलतो, त्याला त्याची पातळ अंगलट कारण आहे तसा खारही.

तर स्टार्चचं काय होतं? रंग येतो तिथे, म्हणजे कोरड्या आणि तापलेल्या कवचात, एकाच वेळी बरंच काही चाललेलं असतं, आणि ते सगळं एकाच दिशेने ओढत नाही.

सगळ्यांत आधी साखळ्या तुटतात. कोरड्या आचेने स्टार्चचे लहान तुकडे होतात, त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. ते गार पाण्यातही विरघळतात, चवीला किंचित गोड लागतात आणि अमायलेजला सहज मिळतात. याचा पुरावा प्रत्येक स्वयंपाकघरात आहे: तांबूस भाजलेल्या गव्हाच्या पिठाची लापशी कच्च्या पिठाच्या खळीइतकी घट्ट होत नाही. साखळ्या आखूड झाल्या की पाणी धरून ठेवण्याची त्यांची ताकद कमी होते. इथवर भाजणं पचनाला मदतच करतं, आणि आजीचा भाजलेल्या तांदळाचा भात या बाजूला उभा आहे.

आच आणखी वाढली, वेळ आणखी गेला, तर उलटी गोष्ट सुरू होते. तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना जोडले जातात, पण पूर्वीच्या जागी नाही. नव्या जोडांतले काही असे असतात की माणसाच्या पचनसंस्थेत ते तोडणारं विकरच नाही. मघाशी सांगितलेली मर्यादा ती हीच. असा भाग पोटाच्या दृष्टीने स्टार्च राहत नाही, तो तंतूसारखा वागतो. कारखान्यात स्टार्चला थोडं आम्ल लावून कोरडी उष्णता देऊन हेच मुद्दाम घडवतात, आणि पाण्यात विरघळणारा तंतू म्हणून ती पूड विकली जाते. तव्यावर हे प्रमाण अर्थातच फार कमी असतं, आणि कारखान्याचा आकडा घरच्या पोळीला लावणं चूक आहे.

मग येतात मायारच्या अभिक्रियेची स्वतःची कामं. पावाच्या सालीतून, कॉफीतून किंवा भाजलेल्या माल्टमधून काढलेली मेलॅनॉइडिनं परीक्षानळीत अमायलेजचं आणि आतड्याच्या अस्तरावरच्या ग्लुकोसिडेज विकरांचं काम मंदावतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही, कारण अकार्बोज आणि व्होग्लिबोज ही औषधं याच टप्प्यावर काम करतात. पण औषधाची गोळी मोजून मापून बनवलेली असते आणि नेमक्या विकराला जाऊन बसते. मेलॅनॉइडिनं हा हजारो निरनिराळ्या रेणूंचा समूह आहे, आणि पोटात ती पुष्कळ पाण्यात, प्रथिनांत आणि पित्तात मिसळून विरळ होतात. परीक्षानळीतला हा परिणाम खरा मानावा, पण त्यावरून करपलेला टोस्ट औषध म्हणून खाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. शिवाय तापलेल्या कवचात प्रथिनंही एकमेकांत गुंफली जाऊन कडक होतात आणि स्टार्चच्या कणांभोवती त्यांचं जाळं बसतं, त्यामुळे विकराची वाट आणखी लांबते. ज्वारीच्या बाबतीत हे विशेष जाणवतं. तिचं काफिरिन नावाचं प्रथिन शिजवल्यावर नरम पडण्याऐवजी जास्त घट्ट बांधलं जातं आणि स्वतःही पचायला अवघड होतं.

आणि सगळ्यांत साधं कारण असं की कवचातलं पाणी इतक्या लवकर उडून जातं, की काही स्टार्च फुगायच्या आधीच कोरडा पडतो. बिस्किटात हे ठळक दिसतं. त्याच्या कणकेत पाणी मुळातच कमी आणि साखर-तूप जास्त, म्हणून भाजून तांबूस झालेल्या बिस्किटातही बऱ्याच कणांची मूळ रचना शाबूत राहते आणि तो स्टार्च हळू पचतो. रंग आला आणि पचन मंदावलं, पण मंदावलं ते रंगामुळे नव्हे. हे एक उदाहरण पक्कं ध्यानात ठेवलं तर बाजारातले निम्मे दावे आपोआप तपासता येतात.

टोस्टचंही उत्तर याच अंगाने मिळतं. २००८ साली ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात दहा निरोगी माणसांवर एक छोटा प्रयोग झाला. घरी केलेला पांढरा पाव ताजा खाल्ल्यावर रक्तातल्या साखरेचा जो चढ मिळाला, तो टोस्ट केल्यावर साधारण पावपट कमी झाला. गोठवून, वितळवून मग टोस्ट केल्यावर आणखी कमी. गोठवण्याने रंग बदलत नाही, तरी नुसत्या गोठवण्यानेही चढ कमी झाला होता. म्हणजे श्रेय मुख्यतः गार झाल्यावर पुन्हा घट्ट बसलेल्या स्टार्चला द्यायला हवं, टोस्टरने त्यात भर घातली. दहा निरोगी माणसांवरून मधुमेह असलेल्या प्रत्येकाचा आहार ठरवता येत नाही, हेही खरं. टोस्ट पावापेक्षा थोडा बरा, पण भाकरीच्या जागी तो आणावा इतका बरा नाही.

रंगावर विसंबलं की काय होतं, हे पाहायला महाराष्ट्रातच दोन उत्तम पदार्थ आहेत. पहिला लाह्या. साळ किंवा मका तापवला की दाण्याच्या कवचाआड अडकलेलं पाणी वाफ होऊन दाब वाढवतं. मक्याचा दाणा १८० अंशांच्या आसपास फुटतो. त्या दाबाखालच्या वाफेत आतला स्टार्च पूर्ण फुगून मऊ होतो, दाणा फुटताच फेसासारखा पसरतो आणि क्षणात कोरडा होतो. तापमान खरपूस भाजण्याचं, पण रंग पांढराशुभ्र. आणि पचन? झटपट, कारण स्टार्च पूर्ण शिजलेला आहे आणि त्याच्या सच्छिद्र अंगात विकरं कुठूनही शिरू शकतात. तापलेल्या वाळूत फुलवलेल्या कुरमुऱ्यांचंही तेच. चरकसंहितेत लाह्यांची पेज आजाऱ्यासाठी सांगितली आहे, ती या अर्थाने अचूक आहे. मूठभर कुरमुरे हलके म्हणून मधुमेहात खुशाल खाणारे मात्र त्याच गुणाला दोष होताना पाहतात.

दुसरा पदार्थ कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडतात. लाल जातीच्या उकड्याचा रंग बराचसा कोंड्याचा असतो, पण पांढऱ्या जातीचा तांदूळही उकडल्यावर पिवळसर दिसतो, आणि त्यात मायारच्या अभिक्रियेचा मोठा वाटा आहे. उकड्याचा भात, विशेषतः दाबाखाली चांगला वाफवलेल्या तांदळाचा, सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळाच्या भातापेक्षा सावकाश पचतो. इथेही रंग आणि मंद पचन हातात हात घालून आले आहेत. पण पचन मंदावलं ते दाण्यातला स्टार्च शिजून, गार होऊन, पुन्हा घट्ट बसल्यामुळे. पिवळेपणा वाफ किती कडक लागली याची खूण म्हणून उपयोगी आहे, त्याहून अधिक काही नाही. खूण म्हणूनसुद्धा रंग फसवतो, याचं उदाहरण शहरातल्या दुकानात मिळतं. ब्राउन ब्रेडच्या पुडक्यामागे घटक वाचले तर अनेकदा मैदा आणि कॅरॅमल रंग सापडतो. तो रंग बाटलीतून आलेला असतो, कोंड्यातून किंवा भट्टीतून नव्हे, आणि स्टार्चशी त्याचा काहीही संबंध नाही.

भाजणीसाठी या पुस्तकात एक अख्खं प्रकरण दिलं आहे, आणि ते मला सगळ्यांत जवळचं आहे. थालीपिठाची भाजणी करताना ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद अशी धान्यं वेगवेगळी, प्रत्येकाच्या सोसण्याप्रमाणे मंद आचेवर भाजतात, कारण प्रत्येकाचा दाणा वेगळा तापतो. साठवणीच्या धान्यात पाणी साधारण दहा-बारा टक्केच असतं, त्यामुळे कोरडं भाजताना स्टार्च पूर्ण फुलत नाही, तो फक्त थोडा तुटतो आणि खमंग होतो. त्याच वेळी डाळींतले पचनाला अडवणारे घटक निकामी होतात, आणि बाजरीतलं तेल कडू करणारं विकर मरतं. कच्च्या बाजरीचं पीठ काही दिवसांत कडवट होतं, पण भाजणी टिकते, त्याचं हेही एक कारण आहे. नंतर पाण्यात भिजवून, तव्यावर थापून, झाकण ठेवून वाफ दिली की स्टार्च फुगतो, आणि शेवटी झाकण काढून कडेने तेल सोडल्यावर दुसऱ्यांदा रंग येतो. दोन वेळा भाजणं, मध्ये एकदा वाफवणं. मधली वाफ वगळली तर थालीपीठ दाताला पिठूळ लागतं आणि पोटाला जड होतं. हा क्रम ज्या कुणी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून ठरवला, त्यांनी पाणी आणि आच यांचं नातं हाताने ओळखलं होतं. सोलापूरची कडक भाकरी या मालिकेतलं शेवटचं टोक. तीत स्टार्च आधी उकडीने आणि तव्यावरच्या वाफेने शिजतो, मग सगळं पाणी काढून टाकलं जातं, आणि महिनाभर टिकणारं खुसखुशीत अन्न हाती येतं.

आतापर्यंत रंगाचा पचनावर होणारा परिणाम पाहिला. उलट दिशेनेही रस्ता आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. स्टार्च थोडा पचला की रंग वाढतो. नाचणीला मोड आणले की दाण्यात अमायलेज तयार होतं, ते स्टार्चपासून माल्टोज आणि इतर साखरा सोडतं, आणि मोडाची नाचणी भाजली की साध्या नाचणीपेक्षा लवकर रंग आणि वास धरते. लहान बाळांच्या नाचणी सत्त्वात या अमायलेजचा फार मोठा उपयोग आहे. पेज तापताना ते स्टार्च कापतं, त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी पेज पातळ राहते आणि बाळाच्या लहानशा पोटात जास्त अन्न जातं. पण मोडाची नाचणी वास छान यावा म्हणून कडक भाजली तर तेच विकर मरतं आणि सारी मेहनत फुकट जाते. उन्हात वाळवणं आणि अगदी हलकं शेकणं इथे पुरेसं आहे. बाळाच्या पेजेला खमंगपणापेक्षा पातळपणा हवा.

लायसिनचा प्रश्नही बाळाच्या संदर्भातच सगळ्यांत गंभीर आहे. रंगाच्या अभिक्रियेत जे लायसिन साखरेला बांधलं जातं, ते शरीराला वापरता येत नाही. ज्वारी, तांदूळ, गहू यांत लायसिन आधीच तुटपुंजं. मोठ्या माणसाच्या ताटात डाळ, दूध, शेंगदाणे असतात, म्हणून भाकरीवरच्या डागांनी काही बिघडत नाही. पण ज्या मुलाचं मुख्य अन्न एकाच धान्याचं भाजलेलं पीठ आहे, त्याच्यासाठी गडद भाजणं म्हणजे थोड्यातलं आणखी थोडं काढून घेणं. कुपोषणावर काम करणाऱ्यांनी पाककृती छापताना ‘लालसर होईपर्यंत भाजा’ हे वाक्य विचार करून लिहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी किंमत अ‍ॅक्रिलामाइडची. तिचा शोध विचित्र वाटेने लागला. १९९७ साली स्वीडनमध्ये हालांडसोस इथल्या रेल्वे बोगद्यात गळती बुजवायला वापरलेल्या रसायनातून अ‍ॅक्रिलामाइड पाण्यात उतरलं, गुरं लुळी पडली, मासे मेले. कामगारांचं रक्त तपासताना तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्या लोकांचंही घेतलं, आणि त्यांच्या रक्तातही या रसायनाच्या खुणा निघाल्या. मग त्यांच्यात ते येतं कुठून? शोध घेत घेत संशोधक स्वयंपाकघरात पोहोचले, आणि एप्रिल २००२ मध्ये जाहीर झालं की बटाट्याच्या चिप्स, पावाची साल आणि कुरकुरीत भाजलेले-तळलेले पिष्टमय पदार्थ यांत ते तयार होतं. अस्पॅरजिन हे अमिनो आम्ल आणि साखर १२० अंशांच्या वर भेटले की त्याच मायारच्या वाटांपैकी एकीवर अ‍ॅक्रिलामाइड उभं असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला १९९४ सालीच, माणसात बहुधा कर्करोग करू शकणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं होतं. घाबरून भाकरी सोडायची गरज नाही. बटाटे मात्र तळायचे असतील तर फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतला स्टार्च साखरेत बदलतो आणि तळताना ते लवकर काळपट होतात. बदामी रंगावर थांबावं, करपू देऊ नये.

मायारची अभिक्रिया तव्यावर संपत नाही, हे सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. मधुमेहाच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी म्हणून जो एचबीएवनसीचा आकडा येतो, तो याच अभिक्रियेच्या पहिल्या पायऱ्यांचा आहे. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाच्या अमिनो गटाला चिकटतं, मांडणी बदलतं आणि तांबडी पेशी जिवंत असेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, तिथेच राहतं. विकराची मदत लागत नाही, ३७ अंशांची ऊब आणि भरपूर वेळ पुरतो. १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं, आणि त्या निरीक्षणातून आजची चाचणी उभी राहिली. ताटातला स्टार्च जितक्या झपाट्याने ग्लुकोज होऊन रक्तात येतो, तितकं हे शरीराच्या आतलं काम वाढतं. म्हणून एकाच रसायनाची बाहेरची आणि आतली बाजू एकत्र वाचायला हवी, आणि पुस्तकाची मांडणी तशीच केली आहे. सुरुवात पाण्यापासून, मग आच, मग रंग, मग आतडं, शेवटी रक्त.

पहिल्या प्रकरणाआधी एक प्रयोग करून ठेवावा, त्याला फार काही लागत नाही. गव्हाचं कच्चं पीठ, तेच पीठ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजलेलं, आणि तेच गडद तांबूस भाजलेलं, असे तीन चमचे तीन पेल्यांत गार पाण्यात कालवावेत. अर्ध्या तासाने फडक्यातून गाळून प्रत्येक पाण्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकावेत. लांब साखळ्यांचा स्टार्च आयोडीनला निळा रंग देतो. साखळ्या तुटत गेल्या की तो जांभळ्याकडे, मग तांबूसपणाकडे झुकतो, आणि फार आखूड झाल्या की रंग येतच नाही. गाळाची वेगळी परीक्षा करावी, कारण न विरघळलेला स्टार्च तिथे राहिलेला असतो. तिन्ही पाणी नंतर ओतून द्यावं, आयोडीन पोटात जाता कामा नये, आणि कोणत्या पेल्यात काय दिसलं ते वहीत लिहून मग पान उलटावं.